तासाला दीड

दाराच्या चौकटीत मी पंखा बसवतो,
लाल कापडानं कडा आवळून घेतो
आणि घराला सांगतो: श्वास धर.

ग्योर्लिट्समध्ये, नदीकाठच्या गल्लीत
या महिन्यातलं हे माझं अकरावं घर.
मालकीण रोसविटा कालेनबाख, वय चौऱ्याहत्तर,
तीन मजले, दोन भाडेकरू,
तळघरात तपकिरी कोळशाची शेवटची बादली,
जी ती कुणाला उचलू देत नाही.

सरकारी काम, सहा महिने थांब;
इथे नऊ लागले.
आधी अर्ज, मग करार, मग खिळा.
खिळा आधी ठोकलात तर छदामही नाही.
भिंतींना लाकडी तंतूंची जाड बंडी,
खिडक्यांना तीन-तीन काचा, मागच्या अंगणात हीट पंप,
आणि घर जितकं घट्ट
तितकी कर्जात सूट जास्त.

कंत्राटदार वीगांड सरळ सांगतो,
"पृथ्वीबिथ्वी मला कळत नाही, टक्के कळतात."
पूर्वी मी अशांना हसायचो.
आता त्यानं बांधलेल्या भिंतीला जानेवारीत हात लावून बघतो.
उबदार.
भिंतीनं कुणाला विचारलंय, हेतू काय होता ते?

आज मात्र आकडा अडून बसलाय.
घरातली हवा तासाला दीड वेळा बदलली तर चालते,
त्याहून जास्त नाही.
पडद्यावर एक पूर्णांक पाच तीन.
केसभर जास्त, आणि त्या केसाला
अनुदानाचा शेवटचा हप्ता टांगलेला.

धुराची कांडी घेऊन मी खोल्या फिरतो.
धूर सरळ. इथेही सरळ. जिन्यात सरळ.
स्वयंपाकघरात, कपाटामागे,
कुणी नावानं हाक मारावी तसा वळतो.

बोटभर भोक, बंद पडलेल्या धुराड्यात उघडणारं.
"ओर्टविननं पाडलं," ती म्हणते, "अठ्ठ्याहत्तर साली, रात्री,
हातानं फिरवायच्या गिरमिटानं.
आवाज झाकायला मी बशा धूत होते, त्याच त्याच बशा.
धुराड्यातून तार वर पोटमाळ्यावर नेली.
पलीकडचं स्टेशन ऐकायचं होतं.
इतक्या पूर्वेला काय येणार, नुसती खरखर.
आम्ही तीही ऐकायचो."

त्या सरकारला या भोकातून
काही आत यायला नको होतं.
या सरकारला काही बाहेर जायला नकोय.
भोक तेवढंच राहिलं.

ती मिनिटभर मागते.
नियमांत तशी सोय नाही. मी पंखा बंद करतो.
गुडघ्यांना शिव्या देत ती खाली बसते, भिंतीला कान लावते.
मी खिडकीतून पलीकडचं पोलंड बघत राहतो,
तिथे कुणीतरी गालिचा झटकतंय.

मग माझ्या डब्यातली लांबी घेऊन
ती भोक भरते, अंगठ्यानं दाबते,
पुन्हा एकदा दाबते.

एक पूर्णांक चार नऊ.

मी प्रमाणपत्रावर सही करतो.
'शेरा' या रकान्यात लिहितो: काही नाही.
लांबीत तिच्या अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्यात,
तो कागद मात्र कुठल्याच कार्यालयात जाणार नाही.

दोघं मिळून कपाट जागेवर सरकवतो.
"कर्जातून किती कमी होतील?" ती विचारते.
मी रक्कम सांगतो.
"परत सांगा."
मी परत सांगतो,
आणि ती मान जराशी कलती करून ऐकते,
लांबून येणारं एखादं स्टेशन
नीट लागतंय का बघावं तशी.