चढावरची कारणं

शनिवारी रात्रीच हवा भरून ठेवायची,
रविवारी पहाटे साडेचारला फैजपूरच्या चौकात.
नऊ वर्षं हेच.
हेमकांत फेगडे विम्यातला, सरफराज तडवी शाळेवरचा,
मी औषधाच्या दुकानातली,
आणि पुरुजित,
हँडलला केळ्यांची फणी अडकवून कधीचाच येऊन उभा,
जणू आम्ही त्याच्याकडे उशिरा आलेले पाहुणे.

खिरोद्यापर्यंत दोन्हीकडे केळी.
रात्रभर पाणी प्यालेल्या बागांमधून
रस्त्यावर गारवा सांडतो, गुडघ्यांपर्यंतच;
डोकं कोरडं राहतं.
बॅटरी घेऊन बांधावर एक म्हातारा:
"कुठी चालले रे भो?"
"पालला."
"काय काम?"
नऊ वर्षांत चौघांना मिळून
या प्रश्नाचं एक उत्तर सुचलेलं नाही.

मग केळी संपतात. वीज गेल्यासारखी, एकदम.
पुढे साग, पानगळ झालेला,
चाकाखाली पापड मोडल्याचा आवाज.
गारबर्डीच्या धरणावर धुकं होतं
असं लिहायला आवडलं असतं. नव्हतं.
एक बगळा होता, आणि शिळं, हिरवट पाणी.

घाट लागला की पुरुजित दिसेनासा व्हायचा.
तिसऱ्या वळणावर एक बसका दगड आहे,
त्यावर बसून केळं सोलत वरून ओरडायचा:
"दवाखान्यात नाव घालून ठेवू का रे तुमचं?"

ऑक्टोबरात जळगावला
त्याच्या छातीत दोन जाळ्या बसवल्या.
त्याच्या गोळ्या मीच काढून देते,
सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी, अर्धी.
त्यानंतरचा हा पहिला रविवार.

पहिल्या वळणावर गिअर वाजला. टक.
पुन्हा टक.
मग त्याच्याकडे टक उरला नाही,
आणि मागे पाय जमिनीला लागल्याचा आवाज आला.

कोणी वळून पाहिलं नाही.
हेमकांत म्हणाला, "सीट ढिली झाली बहुतेक,"
आणि उतरला.
सरफराजच्या बुटात खडा गेला.
त्याने बूट काढून उलटा केला, आपटला,
काहीच पडलं नाही,
त्या काहीच-नाहीकडे तो बराच वेळ बघत राहिला.
मी म्हणाले, मोहाचा वास येतोय, जरा चालू या.
वास येत होता, ते खरं आहे.

चार सायकली हाताने ढकलत
आम्ही सातपुडा चढलो.
टोपलीत मोहफुलं घेऊन एक पावरा बाई खाली येत होती.
थांबली.
"पंचर?"
"हो," हेमकांत म्हणाला.
"चारी?"
"चारी."
ती हसली नाही. टोपली सावरून
आमच्या आठही टायरांकडे
तिने एकेक करून पाहून घेतलं.

"मला कळतंय बरं का," पुरुजित म्हणाला.
"काय?"
"काही नाही."
बसक्या दगडापाशी कोणीच बसलं नाही.

पालला कळण्याची भाकरी, लसणाचा ठेचा, वर कच्चं तेल.
त्याने ठेचा खाल्ला. मी बघितलं नाही असं केलं.
सायकली टपरीमागे लावून टेकडी चढायची
हाही आमचा नेम;
आज टेकडीचं नाव कोणी काढलं नाही,
ती समोरच होती.

उतार.
त्याने टोपीचा पट्टा आवळला, आमच्याकडे न बघता निघाला,
आणि पहिल्या वळणाला
त्याचा ब्रेक वाजल्याचं मला ऐकू आलं नाही.
दुसऱ्यालाही नाही.
मी दोन्ही ब्रेक मुठीत धरून उतरत होते,
बोटं पांढरी,
मोजत होते वळणं, खडी, सकाळ-रात्र, अर्धी.

खाली धरणापाशी तो सायकल आडवी टाकून
चाकावर वाकलेला.
खांदे वर-खाली होत होते.
"चेन पडली," तो म्हणाला, मान वर न करता.

चेन जागेवर होती.
त्याची बोटं स्वच्छ होती,
वंगणाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"ही चेन वाईटच," सरफराज म्हणाला आणि खाली बसला.
हेमकांतने पान्हा काढला.
मी चाक धरलं.
ऊन धरणावर येईपर्यंत
आम्ही चौघं बसवत राहिलो
बसलेली चेन.