त्र्याऐंशीव्या मिनिटाला

नाव ओग्न्येन.
पहिल्या दिवशी यादीत लिहिताना माझा पेन तीनदा अडला.
तो म्हणाला, ओगान्य म्हणजे आग.
म्हणजे अग्नीच की, मी म्हटलं,
आणि खडकीच्या पोरांनी दुसऱ्याच सामन्याला
त्याचा आग्नू करून टाकला.

मी किटवाला. बालेवाडीला, स्टँडखालच्या खोलीत
बावीस जर्स्या, चव्वेचाळीस मोजे,
आणि पिळताना भिंतीपर्यंत चालत जाणारं मशीन.
खेळाडूचं वय मला पासपोर्टात दिसत नाही, मोज्यात दिसतं.
याच्या डाव्या मोज्याला रोज
गुडघ्याच्या पट्टीचा डिंक.
चौतीस, असं क्लबच्या पत्रकात.
छत्तीस, असं तो, बर्फाच्या पिशवीखाली.

बर्फ वितळेपर्यंत बोलायचा.
हिंदी थोडी, इंग्रजी मोडकी, बाकी हात.
पहिला क्लब गावातला, टायरच्या कारखान्यामागे.
एकदा पगाराऐवजी चार टायर मिळाले,
गाडी नव्हती.
मग कारखाना बंद पडला, क्लब अजून दोन वर्षं
सवयीनं खेळत राहिला.
सायप्रसला एकोणीस गोल, आणि बायको.
कझाकस्तानात दोन, आणि एक कान कायमचा बधिर.
मालदीवला चेंडू समुद्रात गेला
की पंच घड्याळ थांबवून काठावर बसायचा.
बेल्जियमचा मोठा क्लब म्हणजे फक्त एक फोटो:
स्कार्फ दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला.
संध्याकाळी तपासणीत गुडघा बोलला.
तो फोटो पाकिटात आहे,
मुलीच्या फोटोच्या मागे.

ऑक्टोबरात त्याला मिरच्या हव्या झाल्या.
ढोबळ्या, लालच, आठ किलो.
मार्केट यार्डात मी भाव पाडत आणला होता,
तेवढ्यात साडेसहा फूट माझ्यामागे येऊन उभं राहिलं
आणि भाव परत चढला.
औंधच्या गच्चीवर त्यानं त्या काळ्या होईपर्यंत भाजल्या,
सोलल्या, रटरटवल्या, रडला (धुरानं, म्हणाला).
दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पाटी:
'गच्चीवर मिरच्या भाजू नयेत.
परदेशी भाडेकरूंनीही.'
ती पाटी त्यानं माझ्याकडून वाचून घेतली
आणि काढून सामानात भरली.

मराठीचे शब्द त्याला तीनच येत.
बर्फ. चहा. आणि सोड.
सामना संपल्यावर सुजलेल्या पायातला बूट
मी ओढायचो, तो बाक घट्ट धरून बसायचा,
मी ओरडायचो, सोड! सोड की!

अकरा सामने, गोल शून्य.
स्टँडातून आवाज, आग्नू, विझला रे.
त्याला वाटे कौतुक आहे, हात वर करायचा.
मी कधी सांगितलं नाही.
बहुतेक त्याला कळत होतं.

शेवटच्या सामन्यात ऐंशीला उतरवला.
त्र्याऐंशीव्याला उजवीकडून क्रॉस आला, गवताला घासत,
त्याच्या अगदी पायात.
मागे दापोडीचा एलिया भांबळ, वय एकोणीस.
आग्नूचे पाय फाकले, चेंडू मधून गेला,
एलियानं जाळीत मारला.

नोंदीत: भांबळ, ८३.
आग्नूच्या नावापुढे शून्य, ते आता पुसलं जाणार नाही.

मी विचारलं, मुद्दाम? की गुडघा?
बुटाची नाडी बोटाला गुंडाळत तो म्हणाला,
तुला काय दिसलं?

मी तेव्हा बाटल्या भरत होतो.
आवाज ऐकला तेव्हा नळ चालू होता.

तो गेला. पंचेचाळीस नंबरचे बूट ठेवून गेला,
इथे कुणाच्याच पायाला येत नाहीत.
मिरच्यांची एक बरणी पाडव्यापर्यंत पुरली,
भाकरीबरोबर चांगली लागते, मीठ थोडं जास्त.

परवा एलिया भेटला, दापोडीच्या पुलाखाली,
मोटरसायकल ढकलत.
म्हणाला, मामा, मी मागून ओरडलो होतो.
काय ओरडलास?
घाईत काय सुचणार, म्हणाला.
सोड, म्हणालो.