सतरा नंबरचा दिवा

टॉडमॉर्डनच्या चॅपेलात आता प्रार्थना होत नाहीत,
नाटकं होतात.
शिडीच्या आठव्या पायरीवर मी, दातांत स्क्रूड्रायव्हर.
खाली शिडी धरून नेव्हिल सटक्लिफ,
बत्तीस वर्षं बस चालवलेला:
"सतरा नंबर परत थरथरतोय, लव्ह."

झाकण काढलं. पंख्यावर दोन हंगामांची धूळ,
आणि तिच्याआड नखाएवढी काळी चिप.
बाकीचे सगळे हुकमाचे ताबेदार, कारभार हिचा.

कंट्रोलवरून पाचशे बारा आकडे निघतात,
सेकंदाला चाळीसदा वाचली जाणारी हजेरी.
ही अठ्ठेचाळीसपर्यंत गप्प मोजत बसते.
एकोणपन्नास: लाल, दोनशे.
पन्नास: हिरवा, नव्वद.
एक्कावन्न: निळा, बारा.
पुढचे कानांवर पडतात, पण ही त्यांत नाक खुपसत नाही.
असा शेजार मिळायला नशीब लागतं.

"मग संध्याकाळच्या प्रवेशात तो मंद कसा होतो?"
होत नाही, नेव्हिल.
एलईडीला मंद होणं ठाऊकच नाही.
ती पेटते, नाहीतर विझते.
चिप तिला सेकंदाला दोन हजारदा पेटवते, मालवते;
पेटलेलं किती, विझलेलं किती, एवढाच काय तो हिशेब.
संध्याकाळ आपले डोळे करतात.

शिडी किंचित हलली.
"शेवटच्या वर्षी आमची डोरीन तशीच होती.
असायची तेव्हा सगळी असायची,
माझ्या मोज्यांवरून बोलायचीसुद्धा.
नसायची तेव्हा अजिबात नाही.
लोक म्हणायचे, हळूहळू जातेय बिचारी.
हळूहळू काहीच नव्हतं त्यात."

मी धूळ पुसत राहिले.
पुसून झालेलीच पुन्हा.

चिपचा दोष नव्हता.
सतरा हा रांगेतला शेवटचा,
आणि त्याच्या मागच्या भोकातला टोकाचा प्लग
मागच्या पँटोमाइमनंतर कुणीतरी उपटून नेला होता.
तारेच्या टोकाशी आलेलं पचवून घेणारं कुणी नसलं
की आकडा भिंतीवर आपटावा तसा मागे फिरतो,
पाठून येणाऱ्याच्या अंगावर जातो.
नव्वद म्हटलेलं दहा ऐकू येतं,
दिवा दचकतो.

खिशात रेझिस्टर होता, एकशे वीस ओहमचा:
तपकिरी, लाल, तपकिरी.
दोन तारांच्या मध्ये डाग दिला.
राळेचा धूर वर, छताच्या जुन्या तुळयांकडे गेला.

नेव्हिल कंट्रोलशी जाऊन बसला,
चहाचा मग फेडरपासून लांब ठेवून,
आणि बसचा ब्रेक सोडावा तसा अलगद
सतरा नंबर खाली आणू लागला.
चाळीस. बारा. पाच.
थरथर नाही.
दोन.
एक.
मग शून्य, आणि तिथे ती बारीकशी उडी
जी या आठ बिटांच्या दिव्यात
मला आजवर कधी लपवता आलेली नाही.

"एवढं एक तेवढं दिसतंच," मी वरून म्हणाले.
अंधारातून नेव्हिल म्हणाला,
"राहू दे."