सोळा ब्रिक्स

भाच्यानं बाटली आणली मोज्यांत गुंडाळून,
विमानानं पुण्याला, पुण्याहून एसटीनं तासगावला.
पेठनाक्याच्या पुढं खिडकीतनं तिला ऊन लागायला लागलं
तर त्यानं ओला टॉवेल गुंडाळला भोवती,
ताप आलेल्या पोराला गुंडाळतात तसा.

"मामा, ही हिरवी."
मी उजेडात धरली. कुठली हिरवी?
वाळल्या काडाचा रंग, तोही पुसट.
"रंगानं नव्हं, वयानं.
कवळी असतानाच प्यायची असती."

पस्तीस वर्षं मी द्राक्षं चाखत हिंडलो,
सावळज, मणेराजुरी, पलूस, पार कवठेमहांकाळपर्यंत.
गळ्यात ब्रिक्स मीटर, खिशात चिंधी.
मणी चिरडायचा, काचेवर थेंब, एक डोळा मिटायचा.
सोळा आले की म्हणायचो, थांबा.
अठराला पण थांबा.
बेदाण्याला बावीस तरी हवेतच.
माझ्या शब्दावर कात्र्या थांबायच्या,
माणसं मांडवाखाली तंबाखू मळत बसायची,
आणि मालक माझ्याकडं बघायचा
जसा काही ऊन मीच अडवून धरलंय.

आणि ही बया सोळा-सतरालाच घरातनं निघाली.

पहिला घोट.
जिभेवर मुंग्या आल्या. गोटी सोड्याएवढ्या नाहीत,
मांडी मोडून उठल्यावर पायात उतरतात तेवढ्याच.
मग लिंबाची साल. मग धुतल्या पाट्याचा
तो गार, दगडी वास.
गोडी कुठं सापडेना. मी आपला सवयीनं
मागं मागं शोधत राहिलो.

मालननं नुसता वास घेतला.
"ताकाच्या भावकीतली दिसती," म्हणाली,
आणि चुलीकडं वळली.

खरी पंचाईत पुढंच होती, कशासंगं प्यायची?
तांबड्या रश्श्यानं तिला बोलूच दिलं नाही.
कांदा-लसूण चटणीपुढं तिचं पाणी झालं.
भडंगाशी जमलं थोडं, लसूण वेचून बाजूला काढल्यावर.
कोवळी काकडी, मीठ, ओल्या शेंगा: बरं.
कृष्णाकाठची वांगी तेलात परतून वर फक्त मीठ,
हे मालनला पटेना,
"पाव्हण्याला घालताय का दुखणाइताला?"

उन्मेष सांगत होता,
ब्रागाच्या वरच्या अंगाला वेली अशाच मांडवावर,
माणसाच्या डोक्याच्या वर, आणि खाली कोबी न् मका.
"आपल्यासारखंच. खांब तेवढे दगडाचे."
पहिली दोन वर्षं तिथं भांडी घासली,
मग कांदे सोलले,
आता कोळशावर मासे भाजतो. जाडं मीठ, दुसरं काही नाही.

भिलवडीच्या सुबराव भोयानं सकाळी वांब दिली होती.
रव्यात घोळून तळली, हळद बेताची, तिखट नावाला.
मी लिंबू पिळणार तोच त्यानं हात धरला,
"लिंबू बाटलीत हाय, मामा."

आणि जुळलं.
तेल जिभेवरनं उतरलं,
नदीचा तो चिखलट वास होता तो निघून गेला,
मागं नुसता मासा राहिला. परत घास, परत घोट.
बराच वेळ कुणी बोललं नाही.

एकोणीसचा होता गेला तेव्हा.
डिप्लोमा अर्धा टाकून, बापाला न सांगता.
ह्याच कट्ट्यावर उभा राहून मी म्हणालो होतो, थांब.
कुठल्या काचेत बघून म्हणालो,
आठवत नाही.

रात्री उगीच खुंटीवरचं मीटर काढलं,
एक थेंब टाकला, डोळा मिटला.
निळी रेघ सहाच्या आसपास आली.
ते खोटं होतं. दारू झाली की
हे यंत्र चुकतं, हे मीच पोरांना शिकवलेलं.
चिंधीनं काच पुसली.

वांबीला मधला लांब काटा.
तो त्यानं दोन बोटांनी ओढून काढला, अखंड,
आणि पाठीचा तुकडा
माझ्या ताटात ठेवला.