अंधारी

अल खोर. ऑगस्ट. रात्रीचे पावणेतीन.
बाहेरची हवा न पिळलेल्या टॉवेलसारखी,
आत चार केल्विनच्या डबीतून
बेरियम फ्लोराइडचे रेणू सुटतात
सेकंदाला दहा झोत,
जो तो आपापल्या गिरकीत.
कोण कुठल्या पायरीवर, विचारायची सोय नाही.

लेझर डोळ्याला दिसत नाही.
कार्ड आडवं धरलं की नारिंगी टिकली उमटते,
तेवढाच पुरावा.
तो रेणूला उचलतो, रेणू पडतो,
भलत्या पायरीवर पडला तर पुन्हा उचलतो,
पुन्हा,
आणि मग कधीतरी रेणू अशा जागी येतो
जिथं प्रकाश त्याला शिवत नाही.
तिथंच राहतो.
वहीत आम्ही त्या जागेला अंधारी म्हणतो.
सगळे अंधारीत जमले की मोजायला सुरुवात.

आज जमत नाहीत.
चिलरच्या पाण्याला ताप आलाय, लेझर सरकतोय.
मोइदीनकुट्टी येतो, पान्हा पाठीमागे खोचलेला,
पाइपला कान लावून डोळे मिटतो.
"रेती," म्हणतो.
जाळी काढून नळाखाली धरतो,
चमचाभर वाळवंट निघतं.

"आत काय मोजता?"
"इलेक्ट्रॉन गोल आहे का."
"मग, आहे?"
"अजून तरी आहे."
"किती वर्षं झाली?"
"माझी चार. माझ्याआधीही माणसं होती."
तो हसत नाही. फडक्याला हात पुसतो.
"पंपाचं असंच. नीट चालला
तर रजिस्टरात कुणी काही लिहीत नाही."

अब्बा कुवेतच्या धक्क्यावर खोकी मोजायचे.
बाणकोटला महिन्याला एक पत्र:
सर्व ठीक, विशेष काही नाही.
अम्मी तेवढीच ओळ दोनदा वाचायची,
नाही या शब्दावर बोट ठेवून.
माझेही अहवाल तसलेच,
शून्य, पुढे अधिक-उणे,
आणि त्या अधिक-उण्यात
दरसाल थोडी कमी होत जाणारी जागा.

पावणेचार. पाणी अठरा अंशांवर.
भिंतीपलीकडून अजान, पंपाच्या घरघरीत अर्धी बुडालेली.
पडद्यावरची चमक उतरू लागते,
शिखर, टेकडी, मग नुसतीच रेघ.
दारातून मोइदीनकुट्टी धास्तावून बघतो.
"परत बिघडलं?"
"नाही," मी म्हणते, "पोचले सगळे."