ओली पाटी

मी माती मळते. उरुकच्या देवळामागं,
युफ्रेटिसच्या कालव्याकाठची, तळव्याला मऊ लागणारी.
आधी शिंपले काढायचे, मग गवताची मुळं,
मग एखाद्या मेलेल्या खेकड्याची नांगी.
लाबाशी वर गच्चीत बसून आभाळाचा हिशेब ठेवतो
आणि त्या हिशेबाला लागते माझी माती:
कणकेसारखी म्हणाल तर नाही,
कानाच्या पाळीसारखी.

"एतिर्तू," तो म्हणतो, "सूर्याचं दुखणं एकच नसतं."

पहिलं मी पाहिलं ते खंडग्रास.
सिमानू महिना, जवाची मळणी चालू.
उंदरानं भाकरीचा कोपरा कुरतडावा
तेवढंच गेलेलं.
पण खजुरीच्या सावलीत, भुईवर,
शेकडो चंद्रकोरी सांडल्या होत्या.
माझा निदिन्तू तेव्हा रांगायचा.
एकेक वेचायला बघत होता, मुठीत काही येईना.
किदिननं देवळाच्या दारात काशाचा नगारा बडवला,
माणसांनी अंगावरची वस्त्रं डोक्यावर ओढली,
मळणीचे बैल मात्र फिरत राहिले गोल गोल.

कंकणाकृती लागलं त्या वर्षी
माझं तांब्याचं कडं गेलं होतं
जवाच्या दोन मापांना, तेही लेंड्या मिसळलेल्या.
लाबाशीनं तेलाच्या परातीत बिंब धरलं,
म्हणाला, बघ.
काळ्या तेलात माझंच कडं.
बिनसांध्याचं, पेटलेलं,
मनगटापुरती जागा सोडून.
अंधार असा झालाच नाही,
उजेडच पातळ झाला, पाणी घातलेल्या ताकासारखा.
किदिनला कळेना थांबायचं कधी.
नगाऱ्याचं कातडं बैलाचं, पण हात माणसाचे.

खग्रास मी पाहिलेलं नाही.
लाबाशीनं नाही, त्याच्या गुरूनंही नाही.
ते आहे एका फुटक्या पाटीवर,
जुनी भिंत पाडताना भरावात सापडलेल्या.
तो बोट फिरवत वाचतो:
भर दुपारी चांदण्या. उत्तरेचा वारा सुटला.
मेंढ्या आपण होऊन परतल्या, आणि
इथं कपचा उडालाय.

मला अक्षर येत नाही. मी पाटीची कड पाहिली.
तिथं एक अंगठा उमटलेला. बारीक, बाईचा,
नखाजवळ चीर पडलेला, माझ्यासारखाच.
तिनं वर पाहिलं असेल का?
की माती वाळू नये म्हणून
त्या अंधारातही ओलं फडकंच धरून बसली?

आणखी एक प्रकार आहे, तो कुणी मोजत नाही.

तश्रितूचा अठ्ठाविसावा दिवस.
हिशेब सांगत होता, आज लागणार.
पहाटेच पाटी थापून ओल्या फडक्यात ठेवली.
तीन घागरी ओतल्या दिवसभरात.
लोक जमले, लोक कंटाळले,
एकानं तिथंच कांदे विकून घेतले.
सूर्य गेला धडधाकट,
जेवून उठलेल्या गड्यासारखा, मागं न बघता.
किदिन नगाऱ्याला टेकून घोरत होता.
लाबाशीनं बोरू टेकवला, मोजक्या खुणा:
वाट पाहिली. आलं नाही.

म्हटलं, दे इकडं, पुन्हा मळते. चांगली माती आहे.
"नको," तो म्हणाला, "हेही जपायचं असतं.
आलं नाही म्हणजे नव्हतंच असं नाही.
आपल्याला चुकवून गेलं.
आत्ता दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर असेल,
समुद्रापल्याड."

निदिन्तू होडीवाल्यांबरोबर गेला
त्याला सात हिवाळे झाले.

उरलेला गोळा मी फडक्यात गुंडाळून घरी आणला,
उंबऱ्याशी ठेवला.
रोज संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडते.