फळीवरची लाट

अजून बासुंदी आहे. आत्ता चमचा फिरवला
तर रेघ उमटेल आणि बुडेल.
ड्रुसिला थांबते, हातमोजे कोपरापर्यंत.
बाहेर ट्विलिंगेटच्या खाडीत
एक हिमनग, जूनमध्येसुद्धा.

मग श्रीखंड होतं.
साच्यात ओतून ती चमच्याची पाठ टेकवते,
उचलते. टोक उभं राहतं, किंचित कलतं.
टेकव, उचल. टेकव, उचल.
लांबट साच्यावर निळसर लाटांची रांग,
सगळ्या एका मापाच्या.

“ही केकवाल्याची लाट,” हेडली म्हणतो.
कॉडची मासेमारी बंद झाली त्या वर्षापासून
तो याच खुर्चीतून मतं देतो.
“पाण्याला एवढी शिस्त नसते.
एक मोठी, मग दोन फुसक्या,
मग काहीच नाही.
घाबरायचं ते तेव्हा.”

ती न बोलता हातमोजे देते, चमचा देते.
त्याचा हात हल्ली थरथरतो.
चमचा साबणात शिरतो, अडखळतो,
एक कडा फाटते, पुढे बोटभर जागा
नुसती सपाट.
तिथे ती हात लावत नाही.
वरून चिमूटभर अभ्रक भुरभुरते, बस.

दुसऱ्या दिवशी तारेने वड्या कापल्या.
सहा आठवडे वाळू द्यायच्या,
असं फळीवर खडूने लिहून ठेवलं.

चौथ्या दिवशी बेसिनपाशी एक वडी ओली.
इंजिनाचं ग्रीस, काळा फेस,
लाट अर्धी गेलेली.
“मळ निघतो छान,” तो म्हणाला.
“झोंबतो मात्र अजून.”